शुक्रवारचा गणपती

डेट्रॉइटला आल्यापासून माझा नवरा कारच्या कंपनीत आहे. दर शुक्रवारी तो ऑफिसातल्या टेबलावरचा पितळेचा इवलासा गणपती कोटाच्या खिशातून घरी आणतो आणि सोमवारी परत नेतो. मंदीत माणसं कामावरून शुक्रवारीच काढायचे, टेबल आवरायलाही द्यायचे नाहीत. तेव्हापासूनची ही सवय.

आज टीव्हीवर सांगत होते, अमेरिकन कार कंपन्या पार सावरल्या. आजारातून उठलेल्याच्या तोंडावर रंग आला की आपण निर्धास्त होतो. त्याला रात्री झोप लागते का, हे कोण विचारतं?

तो आला. गणपती देव्हाऱ्यात ठेवला.

"ऐकलंस ना? आता तरी राहू दे त्याला ऑफिसातच."

"हो गं, सावरलीय कंपनी," म्हणत त्याने दुसऱ्या खिशातून ऑफिसच्या टेबलावरचा आमच्या लेकीचा फोटो काढला.

तो फोटो आजवर कधी घरी आला नव्हता.