खाकऱ्याला बुडवायचा दिवस

मी खुनशी आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढं वाचताना तुम्ही मला बिचारी समजाल आणि ते मला चालणार नाही. एकदा डूख धरला की मी सोडत नाही. लहानपणी एका कोंबड्यानं मला टोचलं होतं, तर तो घरात शिजला त्या दिवशी मी दोनदा रस्सा मागून घेतला होता.

नववी पास झाले, त्या जूनमध्ये मोठ्या बाबांनी माझी शाळा बंद केली. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. घर एकत्र, शेत एकत्र आणि शब्द मात्र एकट्या त्यांचा. काहीही सांगायच्या आधी ते दोनदा खाकरायचे. तसे खाकरले आणि म्हणाले, "दोन पोरी रोज आंधळगावच्या शाळेले कायले पाठवाच्या? एक जाईल, एक घरी राहील. रोवण्याले हात पायजेत."

जाणारी कोण आणि राहणारी कोण, हे विचारायची सोय नव्हती. त्यांची मुलगी माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी मोठी, एकाच वर्गात, आणि गणितात माझ्या वहीत बघून पास होणारी. ती गेली दहावीला. मी राहिले. माझे वडील मोठ्या भावापुढं मान वर करत नसत, त्यांनी त्या दिवशीही केली नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पंधरा वर्षांच्या पोरीच्या हातात असतं काय? माझ्या हातात नववीच्या वह्या होत्या, मागची पानं कोरी असलेल्या.

त्या पानांवर मी मांजरांची कादंबरी लिहायला घेतली.

रानमांजरं आमच्या तलावाच्या पाळीवर मी पाहिलेली होती. चिखला या मामाच्या गावी, खाणीच्या ढिगाऱ्यांवरही पाहिली होती. मँगनीजच्या धुळीनं काळी झालेली, माणसाला न भिणारी. म्हणून माझ्या कादंबरीत दोन कळप होते. तलावाची मांजरं आणि खाणीची मांजरं. दोघांचं सात पिढ्यांचं वैर. खाणीच्या कळपाचा राजा होता खाकऱ्या. हुकूम सोडायच्या आधी तो दोनदा खाकरायचा. मेलेल्या मांजरांचे डोळे तो गिळायचा, त्यामुळं त्याला अंधारात सगळ्यांच्या मनातलं दिसायचं. त्याच्या राज्यात कायदा असा की दोन पिल्लांतल्या एकालाच शिकार शिकवायची. दुसऱ्याची नखं दगडावर घासून बोथट करायची आणि त्याला जन्मभर दुसऱ्यांची शिकार वाहायला लावायचं. अशी नखं घासलेली एक मांजरी पळून तलावाच्या कळपात जाते आणि तिथून सैन्य घेऊन परत येते. ती मांजरी कोण, हे सांगायला नकोच.

लिहिताना काय सुख वाटायचं, बापा! रोज मी खाणीचं एक तरी मांजर मारायची. कोणाला पाळीवर फाडलं, कोणाला तणसाच्या ढिगात कोंडलं. खाकऱ्याला मात्र शेवटासाठी राखून ठेवलं होतं. त्याचं मरण एकाच गोष्टीत होतं, चिखलात. त्याच्या डोळ्यांत चिखल गेला की गिळलेले सगळे डोळे मिटणार आणि तो मरणार.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला तशी मी बायांच्या रांगेत उभी राहिले. पाठीतून वाकून, मागं मागं सरकत धानाची कोवळी रोपं, पऱ्हे, चिखलात खोचायचे. सकाळी बाया गाणी म्हणतात, दुपारनंतर गळे बसतात आणि नुसत्या कमरा बोलतात. तिसऱ्या दिवशी दुपारी, सगळ्या गप्प झाल्यावर, मी म्हटलं, "एक गोष्ट सांगू का?" आणि खाकऱ्यापासून सुरुवात केली. पहिल्यांदा तो खाकरला तेव्हाच रांगेतून खुसखुस झाली. टोळीची म्होरकी, एक तंबाखू खाणारी म्हातारी, हातातली जुडी सोडून उभीच राहिली. "अगाई! पोरी, हा बोका त मी पायला आहो. रोज ओसरीत बसते!"

मग काय! रोज दुपारी मांजरं. आमची बांधी, धानाचं खाचर, रोवून झाली की तीच टोळी दुसऱ्याच्या बांधीत जायची, मीही जायची, आणि गोष्ट आमच्या पुढं धावायची. आठ दिवसांत गावभर झाली. मोठे बाबा रस्त्यानं जाताना खाकरले की पानठेल्यामागून कोणीतरी बारीक "म्याव" करायचं. त्यांना काही उमगेना. एकदा माझ्या मायला विचारलं, "हे पोट्टे काहून म्याव म्याव करून राहिले वो?" माय पदर तोंडात कोंबून परसात पळाली. मला वाटलं, चला, नाक तर कापलं. आता मान राहिली.

आमच्याकडं प्रत्येक मालकाच्या रोवण्याच्या शेवटच्या दिवशी एक रीत असायची. शेवटची बांधी संपत आली की बाया मालकाला चिखलात ओढायच्या, घेरायच्या, तोंडाला चिखल फासायच्या, आणि त्यानं मागितलेलं कबूल केल्याशिवाय सोडायच्या नाहीत. मालकानं रागवायचं नाही आणि बांधीत दिलेला शब्द मोडायचा नाही. मोडला तर पुढच्या साली त्याच्या शेतात टोळी उतरायची नाही. बाया बहुतेक कोंबड्याचं जेवण मागत, नाहीतर एकेक लुगडं. आमची एक मोठी बांधी मुद्दाम शेवटाला ठेवलेली होती. खाकऱ्याचं मरण मी चिखलात का ठेवलं होतं, ते आता तुमच्या लक्षात आलं असेल.

आदल्या दिवशी म्होरकीनं मला शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, बाजूला घेतलं. म्हणाली, "उद्या आमी जेवण मांगत नाही. लुगडं बी नाही. घेरलं का मी तुलेच पुढं करतो. तू आपली शाळा मांग. बांधीत कबूल केलं त बुढ्याच्या बापाले बी फिरवता येणार नाही." पंधरा बायांनी माझ्यासाठी आपलं जेवण सोडलं होतं. मी हो म्हटलं. रात्रभर पाठ केलं, 'मले दहावीले पाठवा.' चार शब्द सुद्धा नाहीत.

दुसऱ्या दिवशी शनिवार. सकाळची शाळा. दुपारी मोठे बाबा धोतर खोचून बांधीवर आले आणि बाया तुटून पडल्या. "धरा खाकऱ्याले!" कोणीतरी ओरडलं. चिखलाचे गोळे त्यांच्या तोंडावर, मिशांवर, डोळ्यांवर. त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. म्याव कळलं, मायचं पळणं कळलं. पण रागवायची सोय नव्हती. डोळे पुसत, चिखल थुंकत ते म्हणाले, "बोला, काय पायजे?"

म्होरकीनं माझा दंड धरून मला पुढं ओढलं. "ही सांगते."

मी तोंड उघडलं आणि माझं लक्ष धुऱ्यावर गेलं. तिथं ती उभी होती. माझी चुलत बहीण. शाळेतून तशीच आलेली, पांढऱ्या रिबिनी, निळा स्कर्ट, चिखल लागू नये म्हणून चपला हातात. आणि पोट धरून हसत होती. सगळ्यांपेक्षा जास्त हसत होती. माझ्या पायांना गुडघ्यापर्यंत चिखल, नखांत चिखल, आणि तिच्या चपला हातात कोरड्या. ते पाहिलं आणि पाठ केलेलं सगळं जळून गेलं.

मी म्हटलं, "हिले बी शाळेतून काढा."

मोठ्या बाबांनी माझ्याकडं पाहिलं, मग धुऱ्याकडं, आणि ते हळूच चिखलातून हसले. "एवढंच? कबूल." त्यांना काय, आणखी दोन हात मिळाले. म्होरकीनं माझा दंड सोडून दिला, तंबाखू थुंकली आणि म्हणाली, "हे काय मांगलं वो पोरी तुनं." बाकीच्या बाया राहिलेली रांग पुरी करायला वाकल्या. दुसऱ्या दिवशी, दुसऱ्याच्या बांधीत, पुढं काय झालं ते मला कोणीच विचारलं नाही. कादंबरीचा शेवट मी कधी लिहिला नाही.

सोमवारी ती शाळेत गेली नाही. मोठी आई, म्हणजे तिची आई, आठवडाभर रडली, माय माझ्याशी बोलेना. आणि मी? खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं. निंदणाला ती माझ्या शेजारी वाकली, तिच्या तळव्यांना पाण्यानं चिरा पडल्या, त्या मी रोज बघायची आणि मला गोड वाटायचं. अख्खा पावसाळा वाटलं. ती मला एका शब्दानं बोलली नाही. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं आणि ती चिखल्याला खाणीच्या कॉलनीत नांदायला गेली. माझंही झालं, मोहाडीला.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी मामाकडं गेले होते, तेव्हा तिच्या घरी गेले. का गेले, मला अजून नीट सांगता येत नाही. तिनं बसायला चटई टाकली, चहा ठेवला. तिची मुलगी दारात पाटीवर अक्षरं गिरवत होती. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि तिनं एकदम विचारलं, "त्या दिवशी तुले आपली शाळा मांगाची सुचली नाही का वो?"

घाबरले होते, गोंधळले होते, काहीही सांगता आलं असतं. मी म्हटलं, "सुचली होती. पहिली तेच सुचली होती."

तिनं मुलीच्या पाटीवरचं एक चुकलेलं अक्षर पुसून दिलं. मग म्हणाली, "मी तुह्या वह्या चोरून वाचो. तू मांगशील, बाबा कबूल करील, अन सोमवारपासून आपण दोघी संगं जाऊ, म्हणून त मी शाळेतून धावत आली होती. बायायले जेवण सोडाले मीच लावलं होतं, चार दिवस त्या म्होरकीच्या घरी जाऊ-जाऊ." तिनं कप माझ्याकडं सरकवला. "घे, चहा घे. थंडा होऊन राहिला."