करीमचाचांची सनद

ट्रंक उघडली की डांबरगोळ्यांचा वास येतो आणि मी पुन्हा कचेरीच्या रेकॉर्डखोलीत जाऊन बसतो.

पोलिस ॲक्शननंतर निजामी दप्तर निवडायचा हुकूम आला. साहेबांनी नारळ फोडून रद्दीचा शुभारंभ केला. उर्दू वाचणारे एकटे करीमचाचा उरले होते. ते वाचायचे आणि मी दोन गठ्ठे लावायचो, एक ठेवायचा आणि एक जाळायचा.

एका कागदावर चाचा थांबले. “ही माझ्या नेमणुकीची सनद.”

“मग ठेवू या, चाचा.”

“नक्को बेटा. पुढच्या महिन्यात मी रिटायर. रिटायर माणसाचा कागद जाळायचा, हुकूमच हाय.” त्यांनीच तो जाळायच्या गठ्ठ्यात टाकला.

मी तो चोरला. नेऊन देऊ म्हणता म्हणता चाचाच गेले.

कागद अजून या ट्रंकेत शाबूत आहे. वाचून दाखवायला कुणी नाही.