दाढेचं डोहाळजेवण

माझ्या मुलीचे दिवस भरत आले होते आणि माझी दाढ निघायची होती, आणि या दोन्हीत आधी काय होणार यावर आमच्या घरात पैज लागायची तेवढी बाकी होती.

मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडं आलेली. तारीख पंधरा दिवसांवर. अशात एका सकाळी उठते तर माझा उजवा गाल पुरीसारखा टम्म फुगलेला, तोंड उघडेना. मुलगी मला बघून आधी हसली, मग घाबरली, आणि तिनंच मला सात रस्त्याजवळच्या दातांच्या दवाखान्यात नेलं. म्हणजे बघा, पोटुशी ती, आणि रिक्षातून उतरताना हात द्यायचा तिनं मला.

दातांची डॉक्टर अगदी तरुण पोरगी. तिनं जबड्याचा फोटो काढून पडद्यावर दाखवला. माझी शेवटची अक्कलदाढ उभी यायची सोडून आडवीच झोपलेली. एसटीत कुणी अख्खं बाकडं अडवून पाय पसरतं ना, तशी. आणि पाय शेजारणीच्या पोटात. डॉक्टर म्हणाली, सूज उतरायला गोळ्या देते, आठवड्यानं काढू; पण लांबवू नका काकू, परत सुजली तर ताप येईल, दवाखान्यात राहायची पाळी येईल. मी काही विचारायच्या आत मुलीनं विचारलं, काढल्यावर आई हिंडती-फिरती कधी होईल? डॉक्टर म्हणाली, आठवडाभर धरा.

झालं. एक आठवडा सूज उतरायला, एक बरं व्हायला, आणि लगेच बाळाची तारीख. मधे एखादा दिवस जरी इकडचा तिकडं झाला तरी मी एका खाटेवर गाल बांधून, लेक दुसऱ्या खाटेवर बाळ घेऊन, आणि दोघींचं करायला आमचे हे. यांचं म्हणजे चहा उतू जायला लागला की गॅस बारीक करायचा सोडून आधी मला हाक मारतात.

रिक्षात मुलगी एवढंच म्हणाली, "आई, ही दाढ आधी. काही झालं तरी आधी."

मग मी तयारीला लागले. मला अर्धवट तयारी जमत नाही. ज्वारीच्या कण्या भरडून ठेवल्या, आंबिलीचं पीठ केलं, मऊ भाताला जुने तांदूळ निवडले. यांना आंबील शिकवली. पहिल्या दिवशी ती खळ झाली, तिनं पोस्टर चिकटवता आलं असतं. दुसऱ्या दिवशी नुसतं ताक झालं. तिसऱ्या दिवशी बरी जमली, तर यांनी ती एकट्यानंच संपवली आणि म्हणाले, चव बघत होतो. आइस्क्रीमचंही तेच. डॉक्टरांनी गार खा म्हटलं म्हणून डबा आणून ठेवलेला, तो दाढ निघायच्या आधीच निम्मा झाला. विचारलं तर म्हणाले, फ्रीज नीट गार करतोय का ते बघायला नको?

आणि खरी मोठी तयारी बोलण्याची. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दाढ काढल्यावर कापूस चावून बसायचं, बोलायचं नाही, पुढं एक-दोन दिवस बेतानं बोलायचं. बेतानं म्हणजे किती, हे मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. म्हणून मी आधीच बोलून घ्यायचं ठरवलं. वैरागला बहिणीला फोन लावला आणि बाई, आता तुझ्या सासरचं काय काय असेल ते सगळं काढ म्हटलं, पुढच्या आठवड्याचंसुद्धा आजच सांग. ती म्हणाली, पुढच्या आठवड्यात अजून काही झालेलंच न्हाय की. मग माढ्याला भावाला लावला. त्याला उसाच्या तोडीची घाई, तो नुसता व्हय, व्हय करत होता. मी म्हटलं, तू नको बोलू, मला बोलायचंय.

आमच्या शेजारी अक्का राहतात. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी, आणि चिडल्या की दोन्ही. यंत्रमागावर चादरी विणणारं घर, त्यामुळं बोलायची सवय खटाखट आवाजाच्या वर. मुलीचं डोहाळजेवण लांबत लांबत नवव्यात, नुकतंच झालं होतं. झोपाळ्याला बांधलेल्या माळा अजून सुकायच्या होत्या. दाढ काढायच्या आदल्या दिवशी अक्का माळा काढायला म्हणून आल्या आणि माझ्याकडं बघून त्यांच्या डोक्यात आलं. म्हणाल्या, "पोरीचं झालं, आता आईचं करू या. आठवडाभर काय कडक खायचं नाही ना? मग आजच खाऊन घ्या, वहिनी."

तासाभरात भिशीतल्या साताठ जणी गोळा. गोळ्यांनी सूज उतरलेली होती, तोंड उघडत होतं, मग काय. मला झोपाळ्यावर बसवलं, केसात गजरा, हातात त्याच फुलांच्या माळा. ताटात सगळं कडक. कडक भाकरी, तीही अशी की मोडताना शेजारच्या खोलीत ऐकू जावी. शेंगाची चटणी, फुटाणे, खारीक, चिक्की, डिंकाचा लाडू. एकीनं तर उसाचं कांडं सोलून आणलेलं. मी डाव्या बाजूनं हळूहळू कुरतडत होते आणि प्रत्येक घासाला बायका मोजमाप केल्यासारखं तोंडात बघत होत्या. डोहाळजेवणात झाकलेल्या वाट्या उघडायला लावतात ना, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी, तसा खेळही केला. एका वाटीखाली शेंगदाणा, म्हणजे दाढ टपकन निघणार. दुसरीखाली चिक्की, म्हणजे चिकटून बसणार. मी उचलली ती चिक्कीची. बायका इतक्या हसल्या-किंचाळल्या की यांनी बाहेरून विचारलं, गॅस लीक झाला का. अक्कलदाढ गेल्यावर अक्कल किती उरणार, हा विनोद तर त्या दिवशी प्रत्येकीनं आपल्यालाच पहिल्यांदा सुचल्यासारखा केला. मीही दर वेळी नव्यानं हसले. पाहुणचार घ्यायचा म्हटल्यावर तेवढं करावं लागतं.

मुलगी मात्र मधेच म्हणाली, परत सुजायचं हं आई. अक्कांनी लगेच ताट मागं ओढलं. मग तिनंच चिक्कीचा तुकडा उचलला आणि म्हणाली, मला तर चालते ना. परत दंगा सुरू.

जाताना अक्कांनी बजावलं, उद्या ऑपरेशन, उपाशीपोटी जायचं. पाणी पण नाही. त्यांच्या मालकांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं, माझं पिशवीचं झालेलं. आमच्या माहितीत ऑपरेशन म्हणजे उपाशीपोटीच. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं ते कुणाला आठवत नव्हतं, कारण सांगताना मी त्यांना माझ्या मामेबहिणीच्या कवळीचं सांगत होते. मी सकाळी चहासुद्धा घेतला नाही. आणि बीपीची गोळी नाश्त्यानंतरची. नाश्ताच नाही तर गोळी कशी घेणार?

दवाखान्यात खुर्चीवर बसले. डॉक्टरांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, आकडा बघितला, परत भरली. मी आपली सांगतेच आहे, कालच्या भाकरीचं, वाट्यांचं. डॉक्टरांनी पट्टा सोडला.

"काकू, आज गोळी घेतली का?"

मी म्हटलं, उपाशीपोटी कशी घेणार ओ?

डॉक्टर पट्टा गुंडाळायला लागली. मग शांतपणे म्हणाली, या कामाला खाऊनच यायचं असतं, आणि गोळी तर चुकवायचीच नाही. एवढ्या वरच्या बीपीवर मी दाढेला हात लावणार नाही. घरी जा, खा, गोळी घ्या, चारला या. तेव्हा उतरलेलं असेल तर काढू. नाहीतर पुढच्या आठवड्यात.

पुढच्या आठवड्यात! मुलीचा चेहरा उतरला. तिनं पोटावर हात ठेवला. अक्कांना दोष द्यावा म्हटलं तर सगळ्या कार्यक्रमात मी स्वतःच सगळ्यात मोठ्यानं हसले होते.

यांना फोन केला, माझी गोळी घेऊन कोपऱ्यावरच्या हॉटेलात या. हे आले ते गोळ्यांचा अख्खा स्टीलचा डबा घेऊन, त्यात यांच्या गुडघ्याच्या, माझ्या थायरॉइडच्या, आणि का कुणास ठाऊक, आमच्या जुन्या कुत्र्याच्या जंतांच्यासुद्धा. म्हणाले, कुठली ते कळेना, म्हटलं सगळ्याच आणाव्यात. सोबत डझनभर केळी. मी इडली सांगितली, मुलीनं इडली आणि डोसा आणि परत इडली. वेटर आमच्याकडं बघून म्हणाला, ताई खातायत तसं खा की आजी, तुम्ही का घाबरल्यासारख्या खाताय? मुलीला ठसका लागला. मग तिला हसू आवरेना, तिचं बघून मला आवरेना, आणि हे दोघींना पाणी पाजत, हळू, हळू, इथंच व्हायचं काहीतरी, असं म्हणत उभे. त्या दिवशी आम्ही काही विशेष न घडताही हसत होतो. आतून दोघींनाही माहीत होतं चारला काय ठरायचंय ते.

चार वाजता परत खुर्ची, परत पट्टा. मी तोंड उघडलं, सांगायला लागले की गोळी वेळेवर…

मुलगी म्हणाली, "डॉक्टर, हिला आधी गप्प करा. बोलताना हिचं बीपी चढतं."

डॉक्टर म्हणाली, बरोबर आहे, काकू, तोंड मिटा. दातांच्या दवाखान्यात तोंड मिटायला लावलेली मी पहिलीच असेन. मी ओठ घट्ट आवळून, डोळे मिटून बसले. हवा भरली, सुटली. दंडाला मुंग्या. मी एक डोळा किलकिला केला तर मुलगी आकड्याकडं वाकून बघत होती, आणि डॉक्टरांच्या आधी तिनंच खुर्चीवरचा माझा हात दाबून मला सांगितलं, "उतरलं."

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. सुई टोचली तेवढंच दुखलं. बाकी नुसता आवाज, जबड्यात सुतारकाम चालल्यासारखा. दाढ तीन तुकड्यांत निघाली. डॉक्टरांनी बघायची का विचारलं, मी मानेनंच नको म्हटलं. कापसाची घडी दाबून दिली. तासभर बोलायचं नाही, थुंकायचं नाही.

परतताना रिक्षात मी आणि मुलगी. हे गोळ्यांचा डबा घेऊन स्कूटरवर पुढं. गाल बधिर, तोंडात कापूस, आणि मला सांगायचं तर केवढं होतं, सुतारकामाचं, आकड्याचं. मी हातानं काहीतरी खुणा करायला लागले. मुलीनं माझा हात धरून मांडीवर ठेवला.

"आई, तू बोलू शकत नाहीस म्हणूनच सांगते. मला लई भीती वाटतेय गं. तू खोलीत असलीस तरच मला जमेल. म्हणून दाढेच्या मागं लागले होते. मला वाटत होतं, तुझ्या दाढेचं नाव पुढं करून मी माझंच बघतेय."

मला कितीतरी बोलायचं होतं. माझ्या वेळचं, तिच्या जन्माच्या वेळचं, तेव्हा मी काय काय बडबडले होते ते. एक अक्षर फुटेना. नुसतं हूं निघालं, तेही कापसातून. मग मी तिचा हात आवळला, चांगलाच, म्हणजे माझ्या तोंडात होतं ते सगळं त्या हातात घातलं असेल.

"आई, दुखतंय, सोड," ती म्हणाली.

मी सोडला नाही. ती हसायला लागली, आणि मी कापूस पडू नये म्हणून एका हातानं गाल दाबून, नाकातनं हसत घरापर्यंत आले.