बापाला चोरून घटवलेला शॉट

सौदीतल्या रास अल खैरच्या प्रकल्पावर माझ्यासोबत एक काळा अमेरिकन होता. सौदी पोरांना क्रेन चालवायला शिकवायचा. साठीला टेकलेला, गुडघे गेलेले, आवाज मात्र यार्डाच्या पार दुसऱ्या टोकाला पोचणारा. शुक्रवारी सकाळी कॅम्पच्या हॉलमध्ये तो बास्केटबॉलचे जुने सामने लावायचा. मी नाशिकचा, क्रिकेटपलीकडे काही न कळणारा. पण चहा घेऊन शेजारी बसायचो आणि तो मला खेळ समजावून सांगायचा.

एका गोऱ्या खेळाडूचे सामने तो सारखे लावायचा आणि बघताना चिडायचा. मी एकदा विचारलं, "आवडत नाही तर बघता कशाला?"

"न आवडायला काय झालं? असा नेम मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही." मग म्हणाला, "आमच्या घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. बाप म्हणायचा, या खेळात सगळे आमचेच, म्हणून देशाला एक गोरा हीरो हवाच होता, मिळाला. बाप कामावर गेला की मी घरामागे त्याचाच शॉट घटवायचो. गाडीचा आवाज आला की लगेच आमच्यातल्या कुणाचा तरी शॉट मारायचो."

आम्ही दोघंही हसलो. मग त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. "आता कॉमेंट्री ऐक. गोऱ्याने पास दिला की काय डोकं, काय मेहनत. आमच्या पोराने दिला की काय उपजत ताकद. शाळेआधी दोन तास आम्ही धावायचो, ते कुणी पाहिलंच नाही. माझा राग बोलणाऱ्यांवर होता. पण ते कुठे सापडणार? म्हणून त्या बिचाऱ्यावर काढला."

तेवढ्यात आमचे विभागप्रमुख आत आले. पुण्याचे. पडद्याकडे बघत मला मराठीत म्हणाले, "यांच्या रक्तातच असतं रे. डोकं कुठे लागतं?"

मी हसलो. "हो ना सर," असंही म्हणालो.

"काय म्हणाला?" त्याने विचारलं.

"तुमच्या लोकांच्या खेळाचं कौतुक करतायत."

पुढे सौदीकरणाची, म्हणजे परदेशी कमी करून सौदी माणसं घेण्याची यादी आली. दोन परदेशी प्रशिक्षकांपैकी एकाला जायचं होतं. दुसरा गोरा होता, याच्यापेक्षा पुष्कळ कमी अनुभवाचा. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं, कारण माझं इंग्रजी बरं.

"गोऱ्याला ठेवू," ते म्हणाले. "क्लायंटसमोर उभा केला की बरं दिसतं. दोघांचे मूल्यांकन फॉर्म टाइप कर."

गोऱ्याचा मजकूर त्यांनीच सांगितला: विश्लेषक बुद्धी, नेतृत्वगुण. दुसऱ्याचं काय लिहू विचारलं, तर मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "लिही काहीतरी चांगलंच."

मी लिहिलं: शारीरिक क्षमता उत्तम, कामगारांत सहज मिसळतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बोटं थांबलीसुद्धा नाहीत.

फॉर्मवर त्याची सही लागायची. माझ्या टेबलापाशी उभं राहून त्याने तो दोनदा वाचला.

"कुणी लिहिलं?"

"साहेबांनी."

"इंग्रजी तुझं आहे," तो म्हणाला. आवाज चढला नाही. "दोन वर्षं माझ्या शेजारी बसून कॉमेंट्री ऐकलीस ना?" त्याने सही केली आणि पेन माझ्या टेबलावर नीट ठेवलं.

दुपारी मेसमध्ये मी एकटाच जेवलो. साहेबांची किळस येणं सोपं होतं. माझी मला येत होती, तिचं काय करायचं ते कळेना.

सगळे म्हणत होते, सौदीकरणात गेला. बायकोला फोनवर मीही तेच सांगितलं. खरं तर त्याची नोकरी कुठल्या सौदीने घेतली नव्हती. उलट त्याच्या हाताखाली शिकलेले सहा सौदी ऑपरेटर साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, आमच्या उस्तादाला ठेवा. साहेबांनी त्यांना गहवा, म्हणजे त्यांची अरबी कॉफी, पाजून वाटेला लावलं. काचेपलीकडे मी फाईल चाळत बसलो होतो, कुठली ते आज आठवत नाही.

त्याचा फायनल एक्झिटचा, कायमचा देश सोडायचा शिक्का आला. विमानतळावर सोडायला ते सहाजण दोन गाड्यांतून गेले. मला कुणी ये म्हटलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

पुढच्या शुक्रवारी हॉलमध्ये क्रिकेट लागलं होतं. साहेबांनी हात करून शेजारची खुर्ची दाखवली. मी जाऊन बसलो.