दर्भाचा कावळा

मंडळी, नव्या भयकथेत पिंडाला कावळा शिवत नाही असा प्रसंग लिहायचाय. म्हणून आज सकाळी वही घेऊन कल्याणच्या खाडीवर गेलेलो.

एका कुटुंबाचे दहाव्याचे विधी चालू होते. तासभर कावळा येईना. आईला सांभाळीन, बहिणीला बघेन, सगळं बोलून मुलगा थकला. मग त्याची आई पुढे आली. "अहो, तुमचा रेडिओ भंगारात नाही देणार."

कावळा शिवला.

मी लिहून घेतलं, आणि वही मिटली.

बाबांचा दहावाही याच घाटावर केलेला. मला ठाण्याला ऑफिस गाठायचं होतं. दहा मिनिटांत मीच गुरुजींना म्हटलेलं, "दर्भाचा कावळा करून शिववा आता."

बाबांचं काय राहिलंय, हे मी विचारलंच नाही.

तुम्ही किती वेळ थांबला होतात?