मोठ्या माशाची दोस्ती
नव्वदच्या दशकात आम्ही सुरतेला, कोसाड भागातल्या एका खोलीत राहायचो. घरात काचेची पेटी होती, तिच्यात दोन मासे. मोठा छोट्याला जवळसुद्धा येऊ देत नसे. माझं डोकंच फिरायचं. मग मी ठरवलं, दोघं कोपऱ्यात शेजारी आले तरच दाणे टाकायचे.

काही दिवसांनी दाण्यांची डबी उघडली आणि काय सांगू! मोठा सरळ छोट्यामागे गेला, ढुशा मारत त्याला कोपऱ्यात घेऊन आला आणि तोंड वर करून थांबला. मी दाणे टाकले, तर दोघं शेजारी शेजारी खायला लागले.

"अहो, बघा! दोस्ती झाली यांची!" मी ओरडलेच.

कापडाच्या लूमवरून नुकतेच कामावरून आलेले हे वाकून बघत हसले. "दोस्ती कसली? आमचा मुकादम माणशी दलाली मिळते म्हणून अस्साच कारागीर गोळा करतो."

"हो का? मग बसतो का तो कधी तुमच्या शेजारी जेवायला?"