मास्तर बायकोचं दुखणं घेऊन आले

आमच्या दवाखान्यात स्क्रीन बसला, तेव्हा उद्घाटनाच्या भाषणात सांगितलं होतं की आता जगातले मोठे डॉक्टर घरोघर पोचणार. घरोघर म्हणजे दवाखान्याच्या दारापर्यंत. पुढचं नर्सने, म्हणजे मी बघायचं!

एका दुपारी समोरच्या दुकानातले टेलर मास्तर नंबर लावून आत आले. स्क्रीनवर साता समुद्रापलीकडच्या डॉक्टरबाई. बोलतात मात्र अगदी आपल्यासारखं. मास्तर घडाघडा सांगू लागले, "जिना चढला की दम लागतो. आडवं झालं की श्वास कोंडतो. पाय सुजतात."

मी त्यांच्या छातीला यंत्र लावलं. तिकडे बाईंनी ठोके ऐकले. "छाती तर ठणठणीत आहे. पाय दाखवा बघू."

मास्तरांनी पँट वर केली. काटकुळे पाय! सूज औषधालाही नव्हती.

"सूज घरी आहे," मास्तर हळूच म्हणाले.

"म्हणजे?" मी खेकसले.

"दुखणं हिचं आहे, सिस्टर. ती म्हणाली, एवढ्याशा दमासाठी मोठ्या डॉक्टरांचा वेळ कशाला खायचा, तुम्हीच दाखवून या. गोळी काय, दोघांना सारखीच."

मी कपाळाला हात लावला. "अहो, गिऱ्हाईक न येता शर्ट शिवता का तुम्ही?"

"जुनं माप असलं तर शिवतो की!"

आता या माणसाला काय बोलायचं, सांगा! बाई मात्र हसत नव्हत्या. "मला त्यांनाच बघायचंय. आत्ता."

मी बाईंना स्क्रीनवरून टॅब्लेटवर घेतलं, यंत्र उचललं नि तरातरा निघाले. दुकानावरच्या खोलीत वहिनी उशांना टेकून शर्टांची काजं करत बसल्या होत्या. मला बघून उठायला गेल्या, धापा टाकू लागल्या, आणि त्या धापेतच म्हणाल्या, "चहा टाकते."

"बसा हो खाली!" मी ओरडलेच.

बाईंनी ठोके ऐकले. बराच वेळ ऐकले. "हृदयाची झडप खराब झालीय. वेळेत ऑपरेशन झालं तर बऱ्या व्हाल. शहरातल्या हॉस्पिटलशी मी बोलते, आजच गाडी पाठवतील. नाही गेलात तर जिवाला धोका आहे."

वहिनींनी दाताने दोरा तोडला. "इश्श, ऑपरेशन कसलं! काजं कोण करणार मग? गोळी द्या नि मोकळ्या व्हा. आणखी काही विचारायचं असेल तर ह्यांना विचारा, ह्यांना सगळं पाठ आहे."

मास्तर जिन्याच्या तोंडाशी उभे होते. उभ्या जन्मात मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "अगं, गेलो होतो ना मी तुझ्याऐवजी! शर्ट काढून बसलो, यंत्र लावून घेतलं. माझ्या छातीत काहीच नाही निघालं!" आणि ओक्साबोक्शी रडायला लागले. मग मला मेलीलाही रडू आवरेना.

वहिनींनी सुई शर्टात टोचून ठेवली. "रडू नका हो, खाली गिऱ्हाईक ऐकेल," म्हणाल्या. मांडीवरचा शर्ट त्यांनी बाजूला सारला आणि मला विचारलं, "सिस्टर, गाडीत ह्यांना बसू देतील ना सोबत?"